परवाना पक्का झाला, चालकाचे काय?

आमच्या घरात दोन परवाने आहेत. एक आबांचा, लहान पुस्तकासारखा. केव्हाच बाद झालेला, पण त्यांनी जपून ठेवलेला. आत डकवलेला फोटो व त्यावर गोल शिक्का. दुसरा माझा, गेल्या वर्षी मिळालेला. गुळगुळीत कार्ड, त्यावर क्यूआर कोड. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला व म्हणाले, “ह्याच्यावरचा फोटो काय कुणाला बदलता यायचा नाही!”

ते खरेच आहे. पूर्वी राज्याराज्यांचे परवाने निराळे दिसत. परराज्यातला परवाना खरा की खोटा, हे पोलिसाने ओळखावे कसे? म्हणून केंद्र सरकारने मार्च २०१९ मध्ये अधिसूचना काढली व १ ऑक्टोबर २०१९ पासून देशभर एकच नमुना ठरविला. क्यूआर कोडमुळे हातातले कार्ड सरकारी नोंदीशी ताडून पाहता येते. ही सुधारणा स्वागतार्हच आहे.

परंतु मित्रहो, खोटे कार्ड हा एक गुन्हा, तर खऱ्या कार्डाने दिलेली खोटी ग्वाही हा त्याहून मोठा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील पंधरावा नियम मी वाचला. गाडी मागे घेता यावी, चढावर थांबवून पुन्हा नीट सुरू करता यावी, असे बरेच काही चाचणीत पाहावे, असे तो सांगतो. माझी चाचणी कशी झाली? सपाट मैदानात जीप वीस-पंचवीस पावले पुढे नेली, साहेबांनी मान डोलावली, झाले! चढ कोणी दाखविलाच नाही. आणि खरे सांगायचे तर मीही खूश होऊन घरी आलो.

पुढे महिन्याभरात घाटात शेजाऱ्यांची जीप माझ्या हातून मागे सरकू लागली. मागे माणसांनी भरलेली एस. टी. होती. शेजारी बसलेल्या आबांनी हातब्रेक ओढला म्हणून निभावले. त्या वेळी खिशातले माझे कार्ड शंभर नंबरी खरे होते!

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? माझी सूचना साधी आहे. ज्या सरकारी नोंदीशी कार्ड ताडले जाते, तिच्यातच चाचणीत काय काय करून घेतले व ती कोणी घेतली, हेही लिहावे. कार्डाची नक्कल होऊ नये, तशी परीक्षेचीही होऊ नये.

आबा आजही मला एकट्याने घाटात जाऊ देत नाहीत. सरकारने दिलेला परवाना त्यांनी अजून मंजूर केलेला नाही.