गेंडा आला, पण जमीन कोणाची?



ओहायोच्या आसपास राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना घेऊन 'द वाइल्ड्स' पाहिलं असेल. सुमारे ९ हजार एकरांचं गवताळ रान, त्यात आपल्या आसामकडचा एकशिंगी गेंडा निवांत चरतोय! हे मूळचंच माळरान असेल असं मी धरून चाललो होतो. पण ती कोळशाची खुली खाण होती. खाण संपल्यावर १९८६ मध्ये वीज कंपनीने ती जमीन या कामासाठी देऊन टाकली.

माझं आजोळ चंद्रपूरकडचं. लहानपणापासून पाहिलेले मातीचे काळे ढिगारे आठवले आणि पहिला विचार आला, 'आपल्याकडे हे का होत नाही?' आपल्या गप्पांत यापुढे नेहमीचं वाक्य येतं, 'इथले लोक शिस्तीचे.' मला हे उत्तर पटत नाही.

शिस्त आपोआप आली नाही. खाणपट्ट्यातल्या लोकांनी अनेक वर्षं रेटा लावला, अध्यक्ष फोर्ड यांनी दोनदा विधेयक अडवलं, तेव्हा कुठे १९७७ मध्ये कार्टर यांच्या सहीने कायदा झाला. त्याचं सूत्र साधं आहे. खोदण्याआधी अनामत भरा, वरची सुपीक माती वेगळी ठेवा, जमिनीला जमेल तितका पूर्वीचा आकार द्या. शिवाय जुन्या बेवारस खाणींसाठी प्रत्येक टनामागे शुल्क द्या.

तरीही सगळं आलबेल नाही. भराव यंत्रांनी इतका दाबला गेला की अ‍ॅपलेशियात अनेक ठिकाणी गवत उगवलं, पण झाडांची मुळं खाली जाईनात. माती सैल ठेवून जंगल वाढवण्याची संघटित मोहीम सुरू व्हायला २००४ उजाडलं. काही कंपन्यांनी दिवाळं काढलं आणि अनामत अपुरी पडली. जुन्या खाणींतून आम्लयुक्त पाणी वाहून कित्येक ओढे आजही नारिंगी दिसतात. म्हणजे हिरवं दिसलं की काम झालं, असं नाही.

आता आपल्याकडे पाहू. कागदावर आपण फार मागे नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी खाण बंद करण्याच्या खर्चासाठी वेगळं एस्क्रो खातं सक्तीचं केलं. खुल्या खाणीसाठी तेव्हाचा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. खाणकाम संपल्यावर तिथे पुन्हा गवत वाढवण्याची अट घालावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितलं.

मग अडतं कुठे? माझ्या मते, जमिनीच्या मालकीपाशी. कोळशासाठी १९५७ च्या कायद्याखाली घेतलेली जमीन काम संपल्यावर मूळ मालकाकडे परत जाण्याची तरतूद त्या कायद्यात नाही. २०२२ मध्ये केंद्राने अशा जमिनीच्या वापराचं धोरण ठरवलं. त्यात कोळसा आणि ऊर्जेशी निगडित प्रकल्प आहेत. मालकी सरकारी कंपनीकडेच राहते. ज्याचं शेत गेलं, त्याला पुढे काय व्हावं हे विचारण्याची सोयच नाही.

म्हणून 'खाणीच्या जागी तलाव, नौकाविहार, इको पार्क' ही बातमी वाचून मला निम्माच आनंद होतो. पार्क नको असं मी म्हणत नाही. खोल खड्ड्यात पुन्हा शेती होणार नाही, हे मान्य. पण त्या तलावावर मासेमारीचा पहिला हक्क गावच्या सहकारी संस्थेला का नको? ढिगाऱ्यावर सुबाभूळ लावायची की जनावरांना चारा, हे ग्रामसभेने का ठरवू नये? शहरातला माणूस रविवारी तिकीट काढून येणार आणि गावकरी फाटकाबाहेर उभा, याला पुनरुज्जीवन कसं म्हणायचं?

आपल्यापैकी अनेक जण गावाकडच्या वृक्षारोपणाला दरवर्षी चेक पाठवतात. पुढचा चेक लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारू या. वरची माती जपून ठेवली होती का? तळ्याचं पाणी तपासलं आहे का, आणि अहवाल गावाला मराठीत मिळाला का? जमिनीच्या वापराचा निर्णय कोणी घेतला? आपल्यात केमिकल इंजिनियर आहेत, वकील आहेत. पैशांइतकीच त्यांची मदत मोलाची ठरेल.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा. विरोधी मत असेल तर आधी कळवा!