टीव्ही स्मार्ट झाला, जबाबदारी कोणाची?

"इंजिनियर आहेस ना? मग आमचा टीव्ही बघ जरा."

अंबरनाथ-बदलापूरकडे आयटीत असलेल्या प्रत्येक पोराने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. चार वर्षं घासून डिग्री घ्या, ऑफिसात कितीही मोठी सिस्टिम सांभाळा, बिल्डिंगमधे तुमची किंमत एकाच गोष्टीवर ठरते. टीव्हीवर गोल गोल फिरणारं ते चक्र तुम्हाला थांबवता येतं का? बस्स. माझी तक्रार नाही हं, चहा मिळतो, कधी कधी पोहे पण मिळतात. पण उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत असे बरेच टीव्ही बघून झाल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. टीव्ही फार कमी वेळा बिघडलेला असतो. बिघडलेली असते ती जबाबदारी.

म्हणजे बघा, टीव्हीवर एक सिरियल दिसायला किती जण लागतात? केबलवाल्याची लाईन, त्याने दिलेला राऊटर, घरातलं वायफाय, टीव्ही बनवणारी कंपनी आणि शेवटी ते ॲप. पाच कड्या आणि जवळपास पाच मालक. ॲपवाले म्हणतात तुमचं नेट स्लो आहे, नेटवाला म्हणतो टीव्ही जुना झालाय, टीव्हीवाले म्हणतात ॲप अपडेट करा. सगळे मिळून एकच मंत्र देतात, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा."

यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. आमच्या भागातली घरं डोळ्यापुढे आणा. कमावती माणसं सकाळी सातच्या आत लोकल पकडतात आणि रात्री नऊला घरी येतात. मधले चौदा तास घरात आजी-आजोबा. त्यांचं कीर्तन, त्यांची सिरियल, त्यांची क्रिकेटची मॅच, सगळं त्या एका पडद्यावर. तो बंद पडला की नुसती करमणूक जात नाही, घरातला बोलणारा आवाजच जातो. आणि सगळ्यात वाईट काय, तर ही माणसं दोष स्वतःला देतात. "माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असेल रे" हे मी इतक्या घरांत ऐकलंय! यांनी काहीच दाबलेलं नसतं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं बिघाड म्हणजे अँटेना. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं आलं... गेलं!" कावळा बसला की चित्र हललं, वाऱ्याने दांडा फिरला की मुंग्या आल्या. त्रास होता, पण बिघाड डोळ्यांना दिसायचा. आता तो दिसत नाही. म्हणून पहिलं काम बिघाड कुठल्या कडीत आहे ते शोधणं, आणि त्याला इंजिनियर लागत नाही.

मोबाईलचा डेटा बंद करा (हे लोक हमखास विसरतात), फक्त वायफाय ठेवा. टीव्हीला टेकून उभे रहा आणि मोबाईलवर एखादा व्हिडिओ लावा. मोबाईलवर छान चाललं आणि टीव्हीवर अडकलं, तर भानगड टीव्हीत किंवा ॲपमधे. मोबाईलवरही अडकलं, तर राऊटरच्या शेजारी जाऊन बघा. तिथे नीट चालतंय? मग वायफाय तुमच्या टीव्हीपर्यंत पोचत नाहीये. तिथेही रडतंय? मग लाईन किंवा राऊटरचा डबा, आता केबलवाल्याला फोन. फायबरच्या डब्यावर लाल लाईट लागली असेल तर टीव्हीला हातही लावू नका. वायर कुठेतरी तुटलीये किंवा निघालीये. पावसाळ्यात, झाडांवरून आणि खांबांवरून लोंबणाऱ्या वायरी असताना, यात नवल नाही.

"पण आमचा प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे!" असू दे की. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं, फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५. बहुतेक घरांत प्रश्न स्पीडचा नसतोच, शेवटच्या टप्प्याचा असतो. आपल्या लोकलसारखं आहे हे. सीएसएमटीपासून कल्याणपर्यंत फास्टला वेगळे रूळ. कल्याणनंतर मात्र बदलापूरकडे फास्ट, स्लो, मेल, मालगाडी सगळ्यांना मिळून दोनच लाईनी. तिसरी-चौथी लाईन मंजूर झाली तरी इतकी वर्षं आपण त्या दोनवरच ढकलत आलो. प्लॅन म्हणजे कल्याणपर्यंतची फास्ट, आणि राऊटर ते टीव्ही हे अंतर म्हणजे कल्याणच्या पुढचं.

वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. त्यात एकमेकांना न अडवणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्लीत उभं राहून मोबाईलवर वायफायची यादी उघडा, शेजाऱ्या-पाजाऱ्यांची नावं संपत नाहीत. एवढी सगळी त्या तीन चॅनलवर! रात्री नऊला सगळे एकदम टीव्ही लावतात तेव्हा काय होणार? ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण त्याला भिंती झेपत नाहीत. त्यामुळे टीव्ही आणि राऊटर एकाच खोलीत असतील तर ५ वापरा, दोन भिंती मधे असतील तर २.४ बरं. आणि जमत असेल तर सरळ लॅन केबल टाका. काही शे रुपयांचं काम आहे आणि रोजची कटकट संपते.

कॅम्प चारमधल्या एका काकांनी नवीन टीव्ही घ्यायचं ठरवलं होतं, दुकानदाराने तसंच सांगितलं होतं. जाऊन बघतो तर राऊटर गोदरेजसारख्या लोखंडी कपाटावर, भिंतीच्या बाजूला, मागे लपवलेला. "दिसायला बरं दिसत नाही म्हणून ठेवला." राऊटर समोरच्या फळीवर आणला, टीव्ही सुरू. तीस हजार वाचले!

अजून एक गंमत. लाईट जाऊन आली की काही टीव्हींचं घड्याळ मागे जातं. तारीख चुकली की ॲपला सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि तो "इंटरनेट नाही" म्हणून मोकळा होतो. वायफाय जोडलेलं, मोबाईल चालू, तरी टीव्हीचं रडगाणं चालू. सेटिंगमधे जाऊन तारीख-वेळ बघा. आणि हो, रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद होत नाही, डुलकी काढतो. रीस्टार्ट म्हणजे प्लग काढून मिनिटभर थांबणं.

इथपर्यंतचं आपल्या हातात आहे. पुढचं नाही, आणि माझं खरं भांडण तिथे आहे.

काच, स्पीकर, रिमोट सगळं ठणठणीत असताना टीव्ही म्हातारा ठरवला जातो. एप्रिल २०१५ मधे यूट्यूबने जुनी यंत्रणा बंद केली आणि २०१२ च्या व त्याआधीच्या कितीतरी टीव्हींवरचं ॲप गेलं. १ डिसेंबर २०१९ पासून सॅमसंगच्या २०१०-११ च्या काही टीव्हींवर नेटफ्लिक्स दिसेनासं झालं. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. व्यवसायात असं होतं, मान्य. पण "निळ्या चित्रावर दाब" एवढंच पाठ असलेल्या आजीला त्या दिवशी काय वाटलं असेल याचा विचार कोणी केला?

आपल्याकडे टीव्हीवर वीज किती खाणार त्याचे स्टार असतात. मग "या टीव्हीला अमुक सालापर्यंत अपडेट मिळतील" एवढी एक ओळ का नसावी? ब्रिटनमधे २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत देणार ते जाहीर करावंच लागतं. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मधे दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली होती. दुरुस्ती म्हणजे फक्त स्क्रू आणि सुटे भाग नव्हेत. सॉफ्टवेअर संपलं की वस्तू संपली, मग त्याची तारीख खोक्यावर छापा. दुधाच्या पिशवीवर छापता ना? तीस हजारांच्या डब्यावर छापायला काय हरकत आहे?

कंपन्या छापतील तेव्हा छापतील. तोवर आपण आयटीवाल्यांनी एक करावं. नुसता टीव्ही चालू करून देऊन निघू नये. वरची मोबाईलवाली तपासणी मोठ्या अक्षरांत मराठीत एका कागदावर लिहावी, खाली केबलवाल्याचा नंबर टाकावा आणि तो कागद टीव्हीच्या बाजूला चिकटवावा. मी ज्या घरांत असा कागद लावलाय तिथून फोन कमी झालेत. आले तरी "टीव्ही बिघडला रे" असे येत नाहीत. परवा एका आजींचा आला, "अरे, मोबाईलवर पण अडकतंय आणि डब्यावर लाल लाईट आहे, म्हणजे केबलवाल्याचं काम ना?"

आजी, नेटवर्किंगच्या पेपरला तुम्ही बसला असतात तर माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले असते!