विश्लेषण : सरावासाठी पिस्तुलाचे ‘रिमफायर किट’... फायदा किती, मर्यादा किती?

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली आणि पनवेल-उरण पट्ट्यातील जासई, चिर्ले, दास्तान फाटा हा परिसर मुंबईच्या अगदी जवळ आला. या भागातील होतकरू नेमबाजाला वरळीची रेंज आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. मात्र रस्ता कमी झाला तरी सरावासाठी लागणाऱ्या काडतुसांचा खर्च आणि त्यांची उपलब्धता हा प्रश्न तसाच आहे. मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलावर स्वस्त, छोट्या काडतुसाने सराव करता यावा यासाठी जगभर ‘रिमफायर कन्व्हर्जन किट’ वापरले जाते. ही सोय नेमकी काय आहे, तिच्यामुळे हात खरोखर घडतो का आणि भारतीय कायद्यात तिला किती जागा आहे, याविषयी...

‘रिमफायर’ आणि ‘सेंटरफायर’ म्हणजे काय?

काडतुसातील दारू पेटते ती आघाताने ठिणगी देणाऱ्या रसायनामुळे. हे रसायन काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेल्या छोट्या टोपीत असेल, तर ते सेंटरफायर काडतूस. पोलिसांचे ९ मिमी किंवा परवानाधारकांकडील पॉइंट ३२ काडतूस या प्रकारात मोडते. रिमफायरमध्ये वेगळी टोपी नसते. ते रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेले असते आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवर आदळते. कडा चेपली जावी यासाठी पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. त्यामुळे या काडतुसात फार मोठा दाब पेलत नाही. पॉइंट २२ लाँग रायफल हे यातले सर्वांत प्रचलित काडतूस १८८७ पासून वापरात आहे. एनसीसीत रायफल हाती घेतलेल्या बहुतेकांनी आयुष्यातील पहिली गोळी याच काडतुसाची झाडलेली असते.

किट बसवल्यावर नेमके काय बदलते?

पिस्तुलाची खालची चौकट, म्हणजे मूठ, चाप आणि त्यामागची यंत्रणा तीच राहते. बदलतो तो वरचा भाग. त्यात स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन हे सारे येते. केवळ नळी बदलून भागत नाही, कारण मूळ पिन मध्यभागी आदळते आणि रिमफायरला आघात कडेवर हवा असतो. शिवाय पॉइंट २२ची ताकद इतकी कमी असते की मूळची जड पोलादी स्लाइड तिच्याने पुरेशी मागे सरकतच नाही. म्हणून अनेक किटमधील स्लाइड हलक्या अॅल्युमिनियमची असते. मूळ भाग पुन्हा बसवले की पिस्तूल पूर्ववत होते.

ही कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासूनच ब्रिटिश लष्कर आपल्या रायफलींच्या पॉइंट २२ आवृत्त्यांवर सैनिकांना नेम शिकवत होते. अमेरिकेत कोल्ट कंपनीने १९३१ मध्ये लष्करी पॉइंट ४५ पिस्तुलाच्या धर्तीवर ‘एस’ हे पॉइंट २२ पिस्तूल बाजारात आणले. मंदीचा काळ होता आणि मोठी काडतुसे सरावात उडवणे परवडत नव्हते. पुढे त्याच दशकात डेव्हिड विल्यम्स यांच्या कल्पनेतून ‘फ्लोटिंग चेंबर’ आले. छोट्या काडतुसाचा धक्का वाढवून तो मोठ्या पिस्तुलासारखा भासावा, ही त्यामागची युक्ती होती. अशा सरावातली मुख्य उणीव धक्क्याची आहे, हे तेव्हाच लक्षात आले होते.

खेळात याचा उपयोग कसा होतो?

पुरुषांच्या २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल स्पर्धेत हा उपयोग सर्वांत स्पष्ट दिसतो. हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही, पण भारताचा त्यातला इतिहास मोठा आहे. जसपाल राणा यांनी १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत यात सुवर्ण जिंकले आणि २००६ मध्ये दोहा येथे ५९० गुणांसह तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी करत पुन्हा सुवर्णपदक मिळवले. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात काडतूस पॉइंट २२चे असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात.

काडतूस वेगळे असले तरी दोन्ही स्पर्धांची प्राथमिक फेरी सारखीच आहे. आधी अचूकतेच्या ३० गोळ्या, मग शीघ्र टप्प्यातील ३० गोळ्या. शीघ्र टप्प्यात लक्ष्य तीन सेकंद दिसते. तेवढ्या वेळात हात वर आणून एकच गोळी झाडायची असते. चापावरील किमान वजनही दोन्हीकडे १००० ग्रॅमच आहे. त्यामुळे पॉइंट २२वर केलेला सराव सेंटरफायरच्या खेळाडूला थेट उपयोगी पडतो. हे ओळखूनच वॉल्थरच्या ‘जीएसपी’सारखी स्पर्धेची पिस्तुले अशी घडवली गेली, की एकाच चौकटीवर पॉइंट २२ आणि पॉइंट ३२ असे दोन्ही संच बसावेत. मूठ तीच, चाप तोच आणि मनगटाचा कोनही तोच. स्पर्धेतले पॉइंट ३२ काडतूस सपाट तोंडाच्या शिशाच्या गोळीचे असते. स्वसंरक्षणाच्या पिस्तुलातील पॉइंट ३२ काडतूस वेगळे. नाव सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

मग हात घडतो का?

बऱ्याच अंशी घडतो. नवख्याची गोळी लक्ष्य सोडून जाते ती बहुधा दोन कारणांनी. चाप हळूहळू दाबण्याऐवजी तो झटक्याने ओढला जातो, आणि आवाजाच्या व धक्क्याच्या धास्तीने गोळी सुटण्याआधीच मनगट खाली झुकते. मोठ्या काडतुसावर ही चूक झाकली जाते, कारण सारेच हादरत असते. छोट्या काडतुसावर ती चटकन दिसते आणि सुधारताही येते. शिवाय त्याच खर्चात कितीतरी जास्त गोळ्या झाडता येतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पॉइंट २२ची नेहमीची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, तर ९ मिमीची साडेसात ते आठ ग्रॅमची असते. हाताला बसणारा धक्का ९ मिमीमध्ये तीन पटींहून अधिक असतो. गोळी सुटल्यावर पिस्तूल पुन्हा नेमावर आणणे आणि लागोपाठ दुसरी गोळी झाडणे हे कौशल्य मोठ्या काडतुसावरच शिकावे लागते. काही किटमध्ये नेम धरण्याच्या खुणांची उंची बदलते, तेव्हा गोळी कुठे लागते याचा हिशेबही बदलतो. रिमफायर काडतुसात फुसकी गोळी निघण्याचे प्रमाणही तुलनेने अधिक असते, कारण कडेतले रसायन सर्वत्र सारखे पसरतेच असे नाही. म्हणून बहुतांश गोळ्या छोट्या आणि प्रत्येक सत्राच्या शेवटी काही मोठ्या, अशी विभागणी करणे शहाणपणाचे. निव्वळ पॉइंट २२वर तयार झालेला हात मोठ्या पिस्तुलावर अर्धाच तयार असतो.

पोलिसांशी याचा काय संबंध?

सरावाच्या गोळीचा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांच्या गोळीबार सरावात दारूगोळ्याअभावी पडलेला खंड नोंदवला होता. शस्त्र आहे पण सराव नाही, ही अवस्था शस्त्र नसण्याइतकीच घातक ठरू शकते. हातात पिस्तूल असलेला अप्रशिक्षित माणूस समोरच्या हल्लेखोराइतकाच आजूबाजूच्या निरपराधांनाही धोका असतो.

जासईच्या परिसराला हा मुद्दा दूरचा नाही. शेजारच्या जवाहरलाल नेहरू बंदराची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे आणि अवतीभोवती कंटेनर यार्ड व गोदामांची गर्दी आहे. ९ मिमी पिस्तुलावर खर्ची घालायच्या प्रत्येक गोळीचा हिशेब द्यावा लागत असेल, तर त्याच पिस्तुलाच्या चौकटीवर पॉइंट २२चा संच बसवून महिन्याकाठी नियमित सराव घेणे हा दलांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. महाराष्ट्राला तर दारूगोळा निर्मितीची मोठी परंपरा आहे. खडकीचा कारखाना १८६९चा, वरणगावचा कारखाना छोट्या शस्त्रांच्या काडतुसांसाठी ओळखला जातो, आणि २०२१च्या पुनर्रचनेनंतर स्थापन झालेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालयही पुण्यातच आहे.

कायदा काय सांगतो?

किट विकत घेण्याचा विचार करणाऱ्याने आधी येथे थांबावे. शस्त्र अधिनियम १९५९च्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्रांचे सुटे भागही येतात. नळी आणि स्लाइड असलेले किट ही घड्याळाच्या पट्ट्यासारखी साधी जोडवस्तू नव्हे. ते परदेशातून मागवणे, बाळगणे किंवा दुसऱ्याला देणे यासाठी कायदेशीर परवानगी हवी. २०१९च्या दुरुस्तीने कलम ६ अधिक कडक झाले. शस्त्र नियम २०१६ मध्ये नमूद केलेल्या एका वर्गातील बंदूक वा पिस्तूल दुसऱ्या वर्गात बदलण्यासाठीही आता परवाना लागतो. या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. स्थानिक लेथवर नळी फिरवून घेण्याचा ‘जुगाड’ त्यामुळे तुरुंगाचे दार उघडतो. शिवाय अशी नळी हातात फुटण्याचा धोका वेगळाच.

९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. त्यामुळे परदेशी संकेतस्थळांवर दिसणारी ९ मिमीची किट येथील परवानाधारकाच्या उपयोगाची नाहीत. ज्याच्याकडे वैध पॉइंट ३२ आहे, त्याने आपल्या परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे जासई-उरण-पनवेल भागासाठी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे, लेखी विचारणा करूनच पुढचे पाऊल टाकावे. पॉइंट २२ काडतुसे खरेदी करण्यासाठी परवान्यावर तशी नोंद लागते, हेही ध्यानात ठेवावे. नामांकित नेमबाजांसाठी नियम सैल आहेत. त्यांना शस्त्र आयातीच्या सवलती मिळतात आणि आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांसाठी शस्त्रसंख्येची मर्यादा २०२० मध्ये सातवरून बारावर नेण्यात आली. सामान्य परवानाधारकाला मात्र २०१९ पासून तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात.

सराव करताना कोणती काळजी हवी?

पॉइंट २२ लहान म्हणून निरुपद्रवी नाही. तिची गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत धोकादायक ठरू शकते. त्यामुळे शेताच्या बांधावर, खाडीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी ‘नुसता सराव’ करणे बेकायदाही आहे आणि जीवघेणेही. नियम अगदी साधे आहेत. सराव अधिकृत रेंजवरच करावा. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारची काडतुसे असावीत. गोळी फुसकी निघाली तर पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. रिकाम्या रिमफायर पिस्तुलाचा चाप उगाच ओढू नये, कारण पिन चेंबरच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होऊ शकतात. या गोळ्या बहुधा उघड्या शिशाच्या असतात, म्हणून रेंजवर हवा खेळती हवी आणि सराव संपल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये.

पुढे काय व्हायला हवे?

पनवेल परिसरात नेमबाजीची पायाभरणी आधीच झालेली आहे. २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ क्लब याच भागातला. टोकियो पॅरालिम्पिकची सुवर्णकन्या अवनी लेखरा हिच्या प्रशिक्षक म्हणूनही त्यांचे नाव देशाला ठाऊक आहे. मात्र हवेच्या पिस्तुलाकडून काडतुसाच्या पिस्तुलाकडे जाताना साऱ्यांचीच गाडी अडते. कारण पुढे परवाना, रेंज आणि गोळी या तिन्ही गोष्टी एकदम लागतात.

यावर प्रत्येकाने स्वतःचे किट मागवणे हा उपाय नाही. किट आणि काडतुसे संस्थेच्या ताब्यात असावीत. मान्यताप्राप्त क्लबांकडे आणि पोलीस प्रशिक्षण केंद्रांकडे अधिकृत नोंदणीचे संच असावेत. गोळ्यांची मोजणी आणि पुंगळ्यांचा हिशेब रेंजवरच व्हावा आणि परवानाधारकाने तेथे येऊन सराव करावा. शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. परंतु एकदा मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे कायमचे कसब नव्हे. वाहनचालकाला परवाना मिळाल्यावर रस्ता रोज शिकवतो. पिस्तूलधारकाला शिकवणारे मात्र रेंजखेरीज दुसरे काहीच नसते. नूतनीकरणाच्या वेळी रेंजवरील सरावाची नोंद मागितली गेली, तर कपाटात गंजणाऱ्या शस्त्रांची आणि ती बाळगणाऱ्या अननुभवी हातांची संख्या आपोआप कमी होईल.

सरकारने आणि संघटनांनी अशा संस्थात्मक सरावाचे लेखी, सोपे नियम एकदा स्पष्ट करून टाकावेत. पळवाट शोधणाऱ्याला त्यातून काही मिळणार नाही, पण प्रामाणिक खेळाडूला आणि शिपायाला कायद्याच्या चौकटीत भरपूर गोळ्या झाडता येतील. ज्या हातात शस्त्र देण्याचा निर्णय समाजाने घेतला आहे, तो हात सरावलेला असेल याची जबाबदारीही समाजालाच घ्यावी लागेल.