अर्धा तास चटईवर

जून जवळ आला की आमच्या बार्शीटाकळीत दोन विषय सुरू होतात. पाऊस कधी येणार आणि कपाशी कधी टोबायची, हा पहिला. दुसरा म्हणजे २१ जूनला शाळेत योग दिन आहे, तर पोरांना पाठवायचे की नाही. विदर्भात तेव्हा शाळा नीट उघडलेल्याही नसतात, तरी योग दिनासाठी मुलांना बोलावणे जाते. शिक्षक म्हणून हा दुसरा प्रश्न दरवर्षी आमच्याच दारी येतो. कुणी म्हणते, हे आपले नव्हे. कुणी म्हणते, कवायतच तर आहे, काय बिघडते?

पण हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आया तेवढ्यावर उठत नाहीत, असे आम्ही अनेकदा पाहिले आहे. मुलाचे बोलणे संपते, चहा होतो आणि मग खालच्या आवाजात खरी गोष्ट निघते. “आपा, नींदच नै आती. सीने पे कुछ रख दिये जैसा लगता.” डॉक्टरांनी ईसीजी काढलेला असतो, त्यात काही निघालेले नसते. घरचे म्हणतात, सब्र कर. सासू म्हणते, आम्हीही दिवस काढले. शेजारीण तावीज सुचवते. मेडिकलवाला झोपेची गोळी देतो. एवढे सगळे उपाय होतात, पण त्या बाईचे म्हणणे सलग दहा मिनिटे कुणी ऐकून घेतलेले नसते.

म्हणून यंदा या पानावर योगाविषयी लिहायचे ठरवले. मैदानातल्या रांगांचा, टी-शर्टचा आणि फोटोंचा योग आम्हाला इथे नको आहे. घरात, दार लावून, अस्वस्थ मन जागेवर यावे म्हणून जो करता येतो, त्याबद्दल बोलू.

आधी ‘हे आपले नव्हे’ या वाक्याकडे पाहू. आपल्या मराठी भाषेत योगाचे नाव घेऊन ग्रंथ लिहिणारा एक मोठा माणूस मुसलमान होता. शेख महंमद श्रीगोंदेकर हे त्यांचे नाव. श्रीगोंदा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. सूफींच्या कादरी परंपरेशी त्यांचे नाते सांगितले जाते आणि शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे त्यांना मानत असत. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ १६४५ चा. नावात संग्राम असला तरी तो तलवारीचा नाही. माणसाने स्वतःच्या आत बसलेल्या राग, लोभ, गर्व या शत्रूंशी करायची ती लढाई आहे. आपण ज्याला नफ्सशी झुंज म्हणतो, तेच शेख महंमदांनी मराठी माणसाला त्याच्या शब्दांत सांगितले. आमच्या शाळांत हे नाव क्वचितच कानावर येते. उर्दू माध्यमातही नाही आणि मराठीतही नाही, याचे आम्हाला वाईट वाटते.

त्याच्याही सहा शतके आधी अल-बिरूनी या विद्वानाने पतंजलीच्या योगग्रंथाचे अरबी भाषांतर केले. हिंदुस्थानातले लोक मनाबद्दल काय म्हणतात, हे अरबी वाचकाला कळावे, हा त्याचा हेतू होता. तो हिंदू झाला नाही आणि त्याला कुणी व्हायलाही सांगितले नाही. सोळाव्या शतकात ग्वाल्हेरचे शत्तारी सूफी मुहम्मद गौस यांनी ‘अमृतकुंड’ या योगग्रंथावरून फारसीत ‘बहरुल हयात’ तयार केले. आसनांच्या सुंदर चित्रांसह शहजादा सलीमसाठी बनवलेली त्याची एक प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. गौस यांचा मकबरा ग्वाल्हेरला आहे आणि तानसेनची कबर त्याच आवारात आहे.

आणखी एक गोष्ट कुस्ती-मलखांबाची आवड असलेल्या आमच्या वऱ्हाडातल्या वाचकांना खास आवडेल. महाराष्ट्रात योगाला प्रयोगशाळेत नेले ते स्वामी कुवलयानंदांनी. मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. पोटाच्या क्रिया करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासले. चमत्काराच्या गोष्टी बाजूला ठेवून मोजून पाहण्याची सवय त्यांनी या विषयाला लावली. तरुणपणी ते बडोद्याला प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमवायला शिकले. त्या आखाड्याचे नाव जुम्मादादा व्यायाम मंदिर. हे जुम्मादादा म्हणजे माणिकरावांचे उस्ताद, मुसलमान. शिष्याने गुरूचे नाव आखाड्यावर कायम ठेवले. तेव्हा या विद्येच्या आधुनिक वाटेवर एका मुसलमान उस्तादाच्या तालमीतली मातीही पडलेली आहे.

आता दीनचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण ज्या भगिनीला मनात खटका आहे तिला चटईवर शांती मिळणे शक्य नाही. मलेशियाच्या फतवा परिषदेने २००८ मध्ये योगाला मनाई केली. पुढच्याच वर्षी इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने वेगळी रेघ ओढली: मंत्र आणि पूजाविधी असलेला योग मुसलमानांना नाही, निव्वळ व्यायाम म्हणून चालेल. सौदी अरबस्तानने २०१७ मध्ये योगाला खेळ म्हणून मान्यता दिली. त्यासाठी धडपडणाऱ्या नौफ मरवाई या सौदी महिलेला भारत सरकारने २०१८ मध्ये पद्मश्री दिली. आपल्याकडे पहिल्या योग दिनाच्या वेळी, २०१५ मध्ये, सूर्यनमस्काराला हरकत आली आणि तो सरकारी कार्यक्रमातून वगळला गेला.

आम्हाला इंडोनेशियाची रेघ समजूतदार वाटते. सूर्यापुढे नमस्कार नको, मंत्र नको, मूर्तीपुढचा दिवा नको. ज्यांना ते करायचे त्यांनी खुशाल करावे, त्यांचा तो धर्म आहे. पण पाठ ताणणे, श्वास सावकाश सोडणे, हातपाय सैल सोडून पडणे, यात इबादत कुणाचीच नाही. तरीही मन खात नसेल तर ज्या आलिमांवर तुमचा भरोसा आहे त्यांना विचारा. मात्र प्रश्न नीट मांडा. “योग जायज आहे का?” एवढेच विचाराल तर उत्तरही तेवढेच मोघम येईल.

याच्या उलट टोकाचे एक भाषणही दरवर्षी ऐकू येते: नमाज म्हणजे योगच आहे, सजदा अमुक आसन, कायदा तमुक आसन. हेही आम्हाला पटत नाही. नमाज अल्लाहसाठी आहे, गुडघ्यांसाठी नाही. गुडघ्यांना फायदा होत असेल तर ती मेहरबानी.

मग श्वासात असे काय आहे? आपण घाबरतो तेव्हा श्वास उथळ आणि जलद होतो, काळीज धडधडते, खांदे कानांकडे चढतात. शरीर पळायला किंवा भांडायला तयार होते. वाघ समोर असेल तर हे उपयोगाचे आहे. पण बँकेची नोटीस, मुलीचे लांबलेले लग्न, सोयाबीनचा पडलेला भाव, यांच्यापासून पळून कुठे जाणार? शरीर मात्र महिनोन्महिने त्याच तयारीत राहते. श्वास सोडतानाचा वेळ घेतानाच्या वेळेपेक्षा लांबवला की काळजाचे ठोके हळू होतात आणि मेंदूला ‘धोका टळला’ असा निरोप जातो. हृदय आपल्या हुकुमाने थांबत नाही की मंद होत नाही. श्वास मात्र काही प्रमाणात आपल्या हातात दिलेला आहे.

इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली, तसेच एक योगमंत्रही म्हणायला लावला. दोन्ही वेळी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या तालावर चांगला परिणाम दिसला. हे वाचताना आम्हाला घरातल्या बुजुर्ग बायांची तस्बीह आठवली. फजरनंतर सावकाश चालणारी, घाई नसलेली. सूफींच्या नक्शबंदी सिलसिल्यात तर ‘होश दर दम’, म्हणजे प्रत्येक श्वासावर जागे राहणे, हा पहिला नियम आहे. जिक्र औषध म्हणून करावे असे आम्ही म्हणत नाही. पण तस्बीह उरकण्यासाठी फिरवणे आणि दम घेऊन फिरवणे यात फरक आहे, हे प्रत्येकीला ठाऊक आहे.

शांततेहून अवघड एक गोष्ट आहे. ती म्हणजे स्वतःला कबूल करणे. आमच्याकडे येणाऱ्या बायांचे दुःख नुसते परिस्थितीचे नसते. “मीच नालायक”, “मला मूल नाही म्हणजे माझ्यातच खोट”, “रंग सावळा म्हणून नशीब असे”, ही वाक्ये त्या इतक्या सहज बोलतात की जणू आपले नाव-गाव सांगत आहेत. कुणी याला नम्रता समजते, कुणी मुहासबा. इमाम गझालींनी मुहासब्यावर सविस्तर लिहिले आहे. पण तो आपल्या कर्मांचा हिशेब आहे. रंग, कूस, चेहरा हे कर्म नव्हे. ज्याने घडवले त्याच्या कामात खोट काढत बसणे याला मुहासबा कसे म्हणणार?

चटईचा उपयोग इथे होतो. गुडघा वाकत नाही, तर जेवढा वाकतो तेवढाच वाकवायचा. शेजारणीकडे पाहायचे नाही. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यायचे. रोज वीस मिनिटे आपल्याच शरीराशी चिडचिड न करता वागायची सवय लागली की हळूहळू मनाशीही तसे वागता येते. सब्रचा अर्थही दाबून ठेवणे असा नाही. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांनी बेटा हरवल्याच्या दुःखात रडून डोळे गमावले, तरी त्यांच्या सब्रला कुणी कमी म्हटले नाही. दहाव्या शतकात वारलेले अबू जैद अल-बल्खी हे हकीम तर स्पष्ट लिहून गेले की शरीरासारखे मनही आजारी पडते आणि त्याचीही निगा राखावी लागते.

आमच्या मोहल्ल्यात सहा-सात जणी आठवड्यातून तीनदा जमतात. उन्हाळ्यात फजरनंतर गच्चीवर, कारण एप्रिल-मेमध्ये खोलीत बसवतच नाही. एरवी असरनंतर घरात. सतरंजी, सैल सलवार-कुर्ता, मोबाइल बाहेर. आधी मांडी घालून बसायचे, ज्यांना जमत नाही त्यांनी खुर्चीवर. मनात चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटे. श्वास रोखून धरायचा नाही. मग हातापायावर येऊन मांजरीसारखी पाठ वर-खाली करायची. स्वयंपाक आणि शिवणयंत्रावर वाकून आखडलेल्या पाठीला याने फार बरे वाटते. त्यानंतर भिंतीला पाय टेकवून पडायचे आणि शेवटी शवासन. नावाला घाबरू नका, पाठीवर सैल पडून राहणे एवढेच ते आहे. पहिल्या आठवड्यात एक खाला शवासनात घोरायला लागल्या. रात्री झोप नसणाऱ्या बाईला दुपारी झोप लागली, म्हणून आम्ही त्यांना उठवले नाही.

काही जणींना डोळे मिटले की जुने प्रसंग अंगावर येतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून समोरच्या एका जागेवर नजर ठेवावी, जबरदस्ती करू नये. जेवणानंतर तीन तास काही करू नका. गरोदर असाल, रक्तदाब असेल किंवा ऑपरेशन झालेले असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे सगळे लिहून झाल्यावर एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. श्वासाने कर्ज फिटत नाही आणि मारहाण थांबत नाही. उदासी हा आजार झाला असेल तर तो चटईवर बरा होत नाही. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. सुरुवातीला तपासले तेव्हा नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण कुठेतरी उपचाराला गेले होते. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर बोलणे सुरू केले. दीड वर्षाने हे प्रमाण १०० मागे २७ वर गेले. गावातले कुणी दारात येऊन बोलले, विचारपूस केली, तर माणसे उपचारापर्यंत पोहोचतात. अर्थात २७ म्हणजेही उरलेले ७३ घरातच होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर उशीर करू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. चालू असलेली गोळी योग सुरू केला म्हणून मनाने बंद करू नका. आमच्या चटईवरच्या एक भाभी महिन्यातून एकदा अकोल्याला मानसोपचार तज्ज्ञाकडे जातात. पहिल्या वेळी घरी सांगितले होते, दात दाखवायला जाते. आता त्यांचे शौहर स्वतः गाडीवर सोडतात आणि परतताना मुलांसाठी केळी घेऊन येतात.