सतराव्या वर्षी डॉक्टरकीला होकार

ऑगस्ट उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत गणपतीच्या आराशीच्या बरोबरीने कॉलेजच्या अर्जांची चर्चा सुरू होते. १ ऑगस्टला ‘कॉमन ॲप’, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायचं संकेतस्थळ, नव्या वर्षासाठी खुलं होतं. ज्यांच्या मुलांनी डॉक्टर व्हायचं ठरवलंय (किंवा ज्यांच्यासाठी ते घरात ठरलंय), त्यांचं मराठी मंडळात वेगळं कोंडाळं जमतं. विषय एकच, बीएस-एमडीला अर्ज करायचा का?

भारतातल्या वाचकांसाठी सांगते, इथे एमडी म्हणजे आपल्याकडची एमबीबीएस. आणि तिथवर पोचायला आधी चार वर्षांची पदवी, एमकॅटची परीक्षा, पुन्हा अर्ज, मुलाखती, मग मेडिकलची चार वर्षं. त्यापुढे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. एमडीसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी दरवर्षी निम्म्याहून जास्त जण रिकाम्या हाताने परततात. बीएस-एमडीमध्ये मात्र बारावीतच पदवी आणि मेडिकल या दोन्हींचा प्रवेश एकदम मिळतो. कन्फर्म तिकीटच. आपल्या लोकांना याची भूल न पडली तरच नवल.

बारावीनंतर लगेच डॉक्टरकी ही आपली देशी घाई आहे असं इथे जन्मलेल्या मुलांना वाटतं. तसं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एमडी झाल्या, तेव्हा आधीची पदवी त्यांना कुणी विचारली नाही. १८९३ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या मेडिकल स्कूलने ती अट घातली आणि १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर बाकीची कॉलेजंही कडक होत गेली. पुढे त्यातूनच पळवाटा निघाल्या. कॅन्सस सिटीतल्या मिसुरी विद्यापीठात १९७१ पासून सहा वर्षांत डॉक्टर होता येतं. द कॉलेज ऑफ न्यू जर्सीमधून तीन अधिक चार असा सात वर्षांचा रस्ता आहे. ब्राऊन विद्यापीठाचा ‘पीएलएमई’ पूर्ण आठ वर्षांचा. नॉर्थवेस्टर्नने १९६१ पासून चालवलेला आपला कार्यक्रम मात्र काही वर्षांपूर्वी गुंडाळला.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीची मुलगी माझ्याकडे आली. “मावशी, मला डॉक्टर व्हायचंय, पण इतिहासही शिकायचाय. आई म्हणते सात वर्षांचंच बघ, एक वर्ष वाचतं. वाचवून काय करायचं ते मात्र सांगत नाही.”

आईचा हिशेब अगदीच चुकीचा नाही. एक वर्ष कमी म्हणजे एका वर्षाची फी वाचली आणि डॉक्टरचा पगार एक वर्ष आधी सुरू झाला. पण हे वर्ष पदवीतून कापलेलं असतं. सात वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन वर्षांत रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र कोंबायचं, उन्हाळ्यातही वर्ग करायचे, त्यात फ्रेंच राज्यक्रांती कुठे बसवणार? ब्राऊनचं मला आवडतं ते यासाठीच. तिथे विद्यार्थी इतिहास, संगीत काहीही मुख्य विषय घेऊ शकतो, विज्ञानाचे ठरलेले विषय पूर्ण केले की झालं, आणि एमकॅटही द्यावी लागत नाही. अर्थात, तिथल्या जागा इतक्या थोड्या की त्यावर घरच्या योजना आखू नयेत.

खरी गोम असते ती अटींमध्ये. ठरलेल्या जीपीएच्या (सरासरी गुणांच्या) खाली घसरलात की राखीव जागा गेली. काही ठिकाणी एमकॅट द्यावीच लागते आणि किमान गुणही ठरलेले असतात. काही ठिकाणी दुसऱ्या मेडिकल कॉलेजात नुसता अर्ज केला तरी इथली जागा सोडावी लागते. कोंडाळ्यात याबद्दल कुणी बोलत नाही. तिथे कुणाच्या मुलाने इस्पितळात किती तास काम केलं आणि कोणता सल्लागार किती हजार डॉलर घेतो, हेच चालू असतं.

पैशाचं गणित तर आता पार बदललंय. पूर्वी ‘ग्रॅड प्लस’मधून खर्चाइतकं सरकारी कर्ज मिळायचं. १ जुलै २०२६ पासून नव्या मेडिकल विद्यार्थ्याला केंद्र सरकारच्या कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण दोन लाख. खासगी मेडिकल कॉलेजचा राहण्या-खाण्यासकट चार वर्षांचा खर्च बहुतेक ठिकाणी तीन लाखांच्या पुढे जातो. मधला फरक घरातून किंवा खासगी बँकेतून. त्यामुळे पदवीवर महागडं खासगी कॉलेज करून हात रिकामे झाले, तर राखीव जागा हातात असूनही परवडणार नाही. आपल्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात पदवी घेऊन नेहमीच्या वाटेने गेलेला मुलगा चार वर्षांनी जास्त मोकळा असू शकतो.

मग अर्ज करावा का? करावा, पण सरसकट पंधरा ठिकाणी नाही. मेडिकलची हमी काढून घेतली तरी मुलाला ज्या कॉलेजात जायला आवडेल, तिथेच करावा. सहा वर्षांचा मार्ग मी फक्त अशा मुलासाठी सुचवीन, ज्याने रुग्णांमध्ये राहून पाहिलंय आणि तरीही ज्याचं मन हललेलं नाही. असं मूल विरळा. आणि डॉक्टर का व्हायचंय हा निबंध आईबापांनी लिहू नये. तो मुलाला स्वतःला लिहिता येत नसेल, तर यंदा नेहमीचे अर्ज भरावेत. चार वर्षांनी मेडिकलचं दार उघडंच असतं.

माझ्या मैत्रिणीच्या मुलीने दोनच ठिकाणी अर्ज केला. एकीकडून नकार आला, दुसरीकडून होकार. कॉलेजला कळवायची मुदत साधारण १ मेची असते. तुमच्या घरी असा होकार आला, तर डिपॉझिट भरण्याआधी तीन गोष्टी कॉलेजकडून लेखी मागवा: जीपीएची अट, एमकॅटची अट आणि बाहेर अर्ज केल्यास जागेचं काय होतं. ही उत्तरं मुलाला स्वतः वाचू द्या.