झटपट जेवणाचा वेळ कोणी दिला? धाराशिवच्या येसरची आणि जात्याची गोष्ट

आजचा धागा कोणत्याही राजाविषयी वा लढाईविषयी नाही. तो रात्रीच्या जेवणाविषयी आहे.

संध्याकाळचे साडेसात वाजले आहेत, दिवसभराच्या कामाने अंग आंबले आहे आणि अर्ध्या तासात पोटभर गरम जेवण हवे आहे. धाराशिव जिल्ह्यातील पुष्कळ घरांत याचे उत्तर ठरलेले असते: ज्वारीची भाकरी आणि पिठले, नाही तर भाकरी आणि येसरची आमटी. थंडीच्या दिवसांत हुलग्याचे शेंगोळे. पिठाच्या वळ्या हातावर वळायच्या, लसूण-मिरचीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या, एकाच भांड्यात जेवण तयार.

अशा पदार्थांच्या चित्रफितींखाली एक शेरा हमखास आढळतो: "आपल्या आज्या हे सगळे अर्ध्या तासात करीत, हल्लीच्या मुलींना जमत नाही." इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे विधान साफ अमान्य आहे. आजीचा स्वयंपाक अर्ध्या तासाचा कधीच नव्हता. अर्धा तास आपल्याला दिसतो, एवढेच.

प्रथम येसर पाहू. मराठवाड्याबाहेरच्या मित्रांसाठी सांगतो: गहू, ज्वारी किंवा बाजरी, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ ही वेगवेगळी खमंग भाजतात, धने, जिरे, सुके खोबरे, मिरी, लवंग भाजून त्यांत मिसळतात आणि सगळे दळून डब्यात भरून ठेवतात. प्रमाण घराघराचे निराळे. ऐन वेळी लसणाची फोडणी करायची, तिखट आणि काळा मसाला घालायचा, पाण्यात कालवलेले येसर सोडायचे आणि चांगली उकळी आणायची. दहा मिनिटांत दाट आमटी तयार होते. लग्नघरातील पंगतीही याच आमटीवर उठत आल्या आहेत. दुकानात तयार मसाल्यांची पाकिटे दिसू लागली, त्याच्या कितीतरी आधीचे हे तयार मिश्रण आहे. पण त्या दहा मिनिटांच्या पाठीशी उन्हाळ्यातला एक अख्खा दिवस उभा असतो. त्या दिवशी कोणीतरी कढईपुढे बसून एकेक धान्य न करपवता भाजलेले असते.

भाकरीचा हिशेब याहून कठोर आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि एकेक भाकरी ताजी थापावी लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग भाकरी परातीतच तुटते. साहजिकच पंधरा दिवसांचे दळण एकदम करून ठेवण्याची सोय नव्हती. माझी आजी सांगे की पहाटे चारला उठून उजाडेपर्यंत जाते ओढायचे, आणि मग दिवसभर शेतात खुरपायला जायचे. रात्रीच्या भाकरीची सुरुवात अशी पहाटेच झालेली असे. (मी स्वतः एकदा हौसेने जाते ओढून पाहिले. पाच मिनिटांत खांदा भरून आला आणि वाटीभरही पीठ पडले नाही.)

हे जाते किती जुने? नेवाशाच्या उत्खननात सातवाहनकालीन थरांत फिरती जाती मिळाली आणि ह. धी. सांकळिया यांनी १९५९ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र टिपण लिहिले. त्याच काळातले आपल्या जिल्ह्यातील मोठे नगर म्हणजे तेर, प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदले आहे. तेथील कापड भडोच बंदराकडे जाई. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पॉम्पेईच्या मूर्तीशी असलेले साम्य आपण सगळे उत्साहाने सांगतो, मीही सांगतो. पण ते कापड विणणारे आणि वाहून नेणारे रोज काहीतरी जेवत होते, आणि त्यांचे धान्य कोणाच्या तरी हातांनी दळले जात होते, हा विचार त्या उत्साहात मनात येत नाही.

आता "हजारो वर्षांची परंपरा" या शब्दांविषयी थोडेसे. ज्वारी मुळात आफ्रिकेची. मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. हरभरा आणि हुलगा मात्र या मातीत खरोखर जुने आहेत. ताटातले पदार्थ बदलत गेले. दळणाऱ्या व्यक्तीचे लिंग तेवढे बदललेले दिसत नाही.

१९७२ च्या दुष्काळाचे उदाहरण घ्या. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती आणि त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. दिवसभर खडी फोडून घरी आल्यावर चूल पेटवायची ती त्यांनीच. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी त्या पिढीला अजून आठवते. तिची चव विचारली तर म्हातारी माणसे नुसते तोंड वाकडे करतात.

माझ्या मते या प्रदेशाच्या रात्रीच्या जेवणात सर्वांत मोठी क्रांती कोणत्याही पाककृतीने घडवली नाही. ती पिठाच्या गिरणीने घडवली. गिरणी गावोगाव पोहोचली तशी पहाटेची झोप बायकांना परत मिळाली. त्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही थांबल्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी त्या हजाराहून अधिक गावांतून गोळा केल्या नसत्या, तर एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा साठा आज आपल्याजवळ नसता. ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. ज्यांनी जाते ओढले, त्यांच्यापैकी एकीनेही गिरणी बंद करा असे म्हटल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

म्हणून आज कोणी नोकरी करून रात्री आठला घरी येते आणि बचत गटाचे येसर विकत आणून आमटी करते, तेव्हा तिने परंपरा मोडली असे मला वाटत नाही. येसराचा हेतूच तो होता. फरक इतकाच की भाजण्याच्या आणि दळण्याच्या कामाला आता किंमत मिळते. प्रदर्शनातल्या त्या पाकिटाच्या किमतीवरून दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आणि नंतर आजीच्या हातच्या चवीवर उमाळ्याने लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे इतिहासप्रेम मला समजत नाही.

आपल्या घरात येसर होत असेल, तर त्याचे प्रमाण या धाग्याखाली लिहा. सोबत दोन गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा: ते भाजायला कोण बसत असे, आणि गावात गिरणी कोणत्या वर्षी आली.