लसणाला बी नसतं

परवा दिवेलागणीला एक विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. बारावी झालेली, जीवशास्त्रात उत्तम गुण. तिला उद्यानविद्या शिकून पुढे लसूण-कांद्यावर संशोधन करायचं आहे. आई म्हणाली, "सर, लसूण सोलायला कॉलेज कशाला? बी.ए., बी.एड. कर म्हणावं हिला."

सौ. स्वयंपाकघरातून हसली. मला मात्र हसू आलं नाही. बारा वर्षांपूर्वी असंच विचारायला आलेल्या एका मुलाला मीच म्हणालो होतो, "शेती घरी आहेच, ती शिकायला कशाला जातोस?" तो आज गोंदियात मोबाईलच्या दुकानात कामाला आहे. भेटला की नमस्कार करतो, आणि मला तोच नमस्कार टोचतो.

म्हणून यावेळी नीट सांगायचं ठरवलं. ताई, आपण लसणाचं बी लावत नाही, पाकळी लावतो. आपल्याकडच्या लसणाला बी धरतच नाही, त्यामुळे दोन जातींचा संकर करून तिसरी काढायची सोय नाही. वाणावाणांतून सरस गड्डे निवडायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा निवडायचे. त्यात पाकळीबरोबर विषाणूही पुढच्या पिकात जातो. रब्बीचं पीक, म्हणजे वर्षाला बहुधा एकच संधी. हे काम चिकाटीच्या माणसाचं, आणि तुमची लेक चिकट आहे!

पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला या कामाचं राष्ट्रीय केंद्र आहे. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालं, १९९८ मध्ये तिथं हललं. 'भीमा ओंकार' आणि 'भीमा पर्पल' हे लसणाचे वाण तिथलेच. गावाजवळून भीमा वाहते, तिचंच नाव. तिथं संचालक राहिलेले डॉ. किसन लवांडे पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आणि लसूण पिकवण्यात देशात पहिला आपला मध्यप्रदेश, पण तो सगळा मंदसौर-नीमचकडे.

"नोकरी लागेल?" आईनं नेमकं विचारलं. खोटं कशाला बोलू? जागा थोड्या, परीक्षा अवघड. चार वर्षं पदवी, दोन पदव्युत्तर, मग पीएच.डी. आणि बैहरपासून सगळंच लांब.

आई गप्प झाली. मुलगी पीएटीचा फॉर्म घेऊनच आली होती, कोरा. वडील मलाजखंडला खाणीत आहेत, रविवारी घरी येतात. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जाणार आहे.